वीस खड्यांचा थांबा

कंदील जरा बारीक कर, संपत. लाईट येईल तवा येईल, रॉकेल काय नळाला येत न्हाई. आन् ज्ञानू, तू दारापास्नं सरकून बस, वारं येतंय. सव्वीस जानेवारी झाली म्हंजी थंडी सरली असं कुणी सांगितलं तुम्हाला?

तर काय म्हणत व्हतास, संपत? सोमवारपास्नं तू पुलाच्या कामावर दोराला बसणार. पाणबुड्या खाली, तू वर. 'बसून खायचं काम हाय मामा, नुसता दोर धरायचा.' जेवताना असंच म्हणलास ना? तुझी मामी हसली. मी ताट सारून उठलो.

मग आता ऐक. माझ्या ओळखीच्या माणसाचं हाय हे, ऐकीव न्हाई. दावीद नाव त्याचं, शिरूरचा. त्यो बी दोरालाच बसायचा. नऊ वर्षं झाली, मी ह्यातलं अक्षर कुणाला बोललो न्हाई. तवा मधी तोंड घालायचं न्हाई. ज्ञानू, बिडी विझव आधी.

अठ्ठावन साल. जानेवारीची एकवीस तारीख, मंगळवार. दुपारच्याला दावीद मला म्हणला, "बबनदादा, चल, दौंडला जाऊन येऊ. आईनं शिरूरच्या यष्टीत कंडक्टरपाशी पुडकं दिलंय." आम्ही तवा दौंडच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठावर एका पुलाच्या कामावर व्हतो. सुट्टी व्हती, ऊन छान पडलेलं. स्टँडवर भजी खाल्ली, च्या प्यालो. दावीद खुशीत व्हता. आईचं पुडकं यायचं म्हंजी त्याला सणच.

गाडी आली. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेलं पुडकं. त्याला कुठला धीर, तिथंच बाकड्यावर सोडलं. आत चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आन् तांबडा लोकरीचा स्वेटर. जाड, पुऱ्या बाह्यांचा, गळा कानापतुर येईल असा. दावीदनं त्यो छातीला लावला. त्याचा चेहरा असा फुलला, मला अजून दिसतोय. पण स्वेटर कमरेच्या वरच राहिला. बाह्या कोपराच्या खाली चार बोटं.

मग त्याला चिठ्ठी घावली. त्यानं वाचली, घडी घातली, खिशात टाकली. मी इचारलं, "काय म्हणती आई?"

"भाकरी दोघांनी खावा म्हणती. आन् स्वेटर एलियाला. पाण्यात थंडी असती म्हणं."

दौंडपास्नं काठापतुर चार मैल. पुडकं माझ्या हातात देऊन ह्यो गडी पुढं पुढं चालला. काठ आल्यावर थांबला आन् म्हणला, "बबनदादा, थंडी काय फक्त पाण्यातच असती व्हय? वर काठावर बसणाऱ्याला काय ऊन लागतं?"

आता एलिया कोण ते सांगतो. शिरूरला मिशनच्या आवारात कृपाबाई राहायच्या, दावीदची आई. एलिया त्यांच्या बहिणीचं पोर. आईबाप दोन्ही गेलं, तवा तीन वर्साचं पोर कृपाबाईंनी पदरात घेतलं. दावीद तवा सात वर्साचा. तवर घरात त्यो एकटा, आन् एक दिवस त्याच्या ताटातली निम्मी भाकरी दुसऱ्याच्या ताटात. "बिनआईचं हाय रे, त्याला आधी देऊ," असं ती माउली म्हणायची. आधी एलियाला. दर टायमाला आधी एलियाला. तिच्या मनात पाप न्हवतं. पण सात वर्साच्या पोराला हे कोण समजावणार? आन् एकदा मनात सल बसला की त्यो माणसाबरोबर वाढतो.

वर गंमत बघा. घोडनदीत एलियाला पवायला शिकवलं कुणी? दावीदनं. पुलाच्या कामावर पाणबुड्याची जागा निघाली तवा आधी गेला कोण? दावीदच. पण त्याचा एक कान लहानपणी फुटलेला, वाहायचा. जालिंदर मुकादम म्हणला, खाली गेलास तर कान फाटून मरशील. जागा मिळाली एलियाला. दावीदला दिला दोर.

मुकादम मुंबईच्या गोदीत पाणबुड्या व्हता, हाडाचा कडक. पुलाच्या खांबाखाली विहीर उतरवत्यात, ठावं हाय ना? सिमेंटचं मोठं कडं. आतली वाळू काढत जायचं, कडं खाली बसत जातं. आमचं कडं सत्तर फूट बसलं आन् खाली दगडाला अडकलं. विहीर पाण्यानं भरलेली. एलिया पितळी टोप घालून, शिशाचं बूट घालून आत उतरायचा आन् कड्याखालचा दगड फोडायचा. त्याला वरनं हवा द्यायचा पंप मी आन् आणखी एक गडी फिरवायचो. दोर दावीदच्या हातात. एक झटका म्हंजी बरं हाय. दोन म्हंजी ढील दे. चार म्हंजी वर. वरनं चार झटकं आलं की खालच्यानं इचार करायचा न्हाई, यायचं. टोपातनं त्याला आमचं काय दिसत न्हाई, काय ऐकू येत न्हाई. वरच्याच्या हातात त्याचा जीव.

पहिल्याच दिवशी मुकादमानं आम्हाला उभं केलं आन् गोळीसोड्याची बाटली फोडली. फसाफसा फेस आला. म्हणला, "बघा. बाटली बंद व्हती तवर ह्यो वायू कुणाला दिसला का? दाबात पाण्यात मुरलेला व्हता. दाब एकदम गेला, त्याचं बुडबुडं झालं. माणसाच्या रक्तात बी तसंच. सत्तर फुटावर दाबाखाली हवा रक्तात मुरती. सावकाश वर आणलं तर श्वासावाटं निघून जाती. घाईनं आणलं तर रक्तात बुडबुडं व्हत्यात. सांध्यात अडकलं तर माणूस वाकडा होतो. पाठीच्या कण्यात अडकलं तर पाय जात्यात. काळजात गेलं तर माणूसच जातो. म्हणून धा फुटावर थांबा. दीड तास खाली काम केलं की वीस मिण्टं थांबा. आन् कुणाचा थांबा चुकलाच तर लपवायचं न्हाई. त्याला तसाच परत खाली न्यायचा आन् सावकाश वर आणायचा. लपवलं की मेला."

हे मी शिकलो, दावीद शिकला, सगळी शिकली. ध्यानात ठेव, संपत.

आता वीस मिण्टं मोजायची कशी? मुकादमाकडं घड्याळ, पण त्यो दिवसभर ह्या काठाचा त्या काठाला. एलियानंच तोडगा काढला. म्हणला, घड्याळ बंद पडतं, प्रभूची प्रार्थना बंद पडत न्हाई. सावकाश, दम खात म्हणली तर मिण्टाला एक व्हती. त्यानं भीमेतलं वीस गोल खडं येचलं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठिवलं. धा फुटावर दोराला तांबडी चिंधी बांधली. चिंधी वर दिसली की दावीदनं दोर थांबवायचा. एक प्रार्थना म्हणायची, एक खडा डब्यातनं झाकणात टाकायचा, दोराला एक झटका द्यायचा. खालनं एलियाचा एक झटका, बरं हाय. असं वीस झालं, मगच चार झटकं.

तीन महिने असंच चाललं. खडा टाकला की 'टक' वाजायचं. पंप फिरवता फिरवता मी बी मोजायचो. सवयच लागली.

आता खरं सांगतो. एलियाचा हेवा काय एकट्या दावीदलाच व्हता, असं न्हाई. पाणबुड्याला दूध. पाणबुड्याला उकडलेली अंडी. एलिया वर आला की घोंगडी पांघरून उन्हात पडायचा, आन् घाम आमच्या अंगाचा. शिरूरला नाताळात देवळात त्याला पुढं उभं केलं, पाण्याखालच्या गोष्टी सांगायला लावल्या. पोरी माना वर करकरून बघत व्हत्या म्हणं. पोर मोठं गोड व्हतं, निम्मं अंडं मलाच द्यायचं. तरी माझ्या पोटात एवढंसं दुखायचंच. निम्मं का, सगळं का न्हाई? माणसाची जात, दुसरं काय.

बावीस तारीख. बुधवार. एलियानं तांबडा स्वेटर घातला. त्याला बरोबर बसला. सगळ्यांना दाखवत फिरला. दावीदपुढं आला आन् म्हणला, "दाव्या, आईनं बघ काय केलंय. हात लावून बघ, किती मऊ हाय." दावीदनं हात लावला न्हाई. वर रबरी पोशाख चढवला, टोप बसवला. एलिया उतरला.

दीड तास झाला. एलिया वर यायला निघाला. चिंधी दिसली. दावीदनं दोर थांबवला. मुकादम पल्याडच्या काठाला गेलेला. माझ्याबरोबरचा गडी पंपाकडं तोंड करून फिरवत व्हता. माझं तोंड दावीदकडं.

टक. एक. टक. दोन. वारं सुटलेलं, दावीद कुडकुडत व्हता. अंगात एक फाटका सदरा. व्हट हलत व्हतं. पाच. सहा. सात. मग व्हट थांबलं. नजर पाण्यावर. आठवा खडा पडला.

आन् त्यानं चार झटकं दिलं.

मला वाटलं, मीच चुकलो. झाकणात बघितलं. आठच. दावीदनं माझ्याकडं बघितलं... मी खाली मान घालून चाक फिरवत राहिलो.

एलिया वर आला. टोप काढला. हसतच व्हता. म्हणला, "का रे? काय झालं वर? आठच झालं की."

दावीद म्हणला, "आठ कुठलं? वीस झालं. डुलकी लागली असंल तुला." आन् बोलता बोलता त्यानं झाकणातलं खडं डब्यात वतलं.

एलियानं माझ्याकडं बघितलं. "बबनदादा, किती झालं?"

...

मी म्हणलो, "मी चाक फिरवत व्हतो बाबा. माझं ध्यान न्हवतं."

त्या कामावर मला लावलं व्हतं दावीदनं. घरात चार तोंडं खाणारी. ही झाली जगाला सांगायची कारणं. खरं कारण मघाशी सांगितलं तुम्हाला. मनात आलं, दुखू दे जरा. रोज अंडी खातो.

अर्ध्या तासानं एलिया अंग खाजवायला लागला. मग कोपर धरलं. मग खांदा. मग कमरेत वाकला तो वाकलाच. मुकादम पळत आला. पहिला सवाल, "थांबा पुरा केला का?"

दावीद म्हणला, "वीसच्या वीस."

एलिया दात आवळून म्हणत व्हता, "आठ... आठच झालं." दावीद म्हणला, "बरळतोय. गार पाण्यानं भ्रम झालाय." मुकादमानं आमच्याकडं बघितलं. सगळी गप. मी बी गप. मुकादम म्हणला, थांबा पुरा झालाय तर ही त्यातली बाधा न्हवं. थंडी भरलीय. इटा तापवा, तेल चोळा.

विहीर वीस पावलावर व्हती रं. पंप तयार. पोशाख तयार. परत खाली न्यायचा आन् सावकाश वर आणायचा, बास. एका माणसानं एक शबुद बोलायचा व्हता. दोघांना ठावं व्हता त्यो शबुद.

सांजच्याला पाय गेलं. बैलगाडीत घालून दौंड ठेसनावर आणला, रातच्या गाडीनं पुण्याला न्यायला. गाडी यायच्या आत, फलाटाच्या बाकड्यावर... गेला. दावीदच्या सदऱ्याचं टोक त्याच्या मुठीत व्हतं. शेवटी शेवटी त्यानं ते वढलं. एकदाच. मला कळलं. दावीदला बी कळलं. बरं हाय, असं म्हणत व्हता त्यो.

शिरूरला माती दिली. कृपाबाई रडल्या न्हाईत. त्यांनी त्यो तांबडा स्वेटर मागून घेतला. लोकर बोटात धरून बघत व्हत्या. मला म्हणल्या, "बबनराव, थंडीनं गेला म्हणं माझा एलिया. मीच येडी. दुपदरी विणायला पाहिजे व्हतं. ऊब कमी पडली हो." मग आत गेल्या आन् दुसरा स्वेटर घेऊन आल्या. निळा. मोठा. बाह्या नसलेला. दावीदच्या हातात दिला. म्हणल्या, "तुझा बी चाललाय रे. आधी त्याचा संपवला, त्याला पाण्यात जायचं व्हतं म्हणून. बाह्या राहिल्यात तेवढ्या."

दावीदनं त्यो निळा स्वेटर तिथंच अंगात घातला. नंतर काढलाच न्हाई.

आम्ही कामावर परत आलो. नदीकाठी पत्र्याची खोपी, दावीद आन् मी दोघं झोपायचो. काम बंद व्हतं, दुसरा पाणबुड्या यायचा व्हता. दोर खिळ्याला टांगलेला. डबा खोक्यावर, त्याचं झाकण शेजारी उताणं.

सव्वीस तारीख, रविवार. रातच्याला पावणेदोनला सोलापूरकडं मालगाडी गेली. तिचा आवाज मिटला. सगळं गप. आन् मग अंधारात...

टक.

मी म्हणलो, उंदीर असंल. सकाळी उठून बघतो तर झाकणात नऊ खडं. आदल्या राती झाकण मोकळं व्हतं, मी डोळ्यानं बघितलेलं. आठ कोरडं. नववा वला. वला म्हंजी खाली पाणी साठलेलं.

दावीद माझ्यावर धावून आला. "चेष्टा करतोस व्हय रे म्हाताऱ्या?" मी शपथ घेतली. दुसऱ्या राती मालगाडी गेली. टक. सकाळी धा. तिसऱ्या राती अकरा. चौथ्या दिवशी त्यानं डबा खड्यांसकट भीमेत भिरकावला. मी बघत व्हतो, बुडबुडं आलं आन् डबा गेला खाली. सांजच्याला खोपीत कंदील लावला. डबा खोक्यावर. झाकणात अकरा. रातच्याला, टक, बारा.

तवा दावीदची गुर्मी उतरली. माझ्यापाशी बसून बोलला. "बबनदादा, मला त्याला मारायचं न्हवतं. देवाशप्पथ. आठ दिवस सांधं धरून पडंल, स्वेटरचा तोरा उतरंल, येवढंच."

मी म्हणलो, "उद्या शिरूरला जा. आईच्या पाया पड, सगळं सांग. ती माउली स्वेटरला दोष देत बसलीय."

त्यो म्हणला, "सांगितलं तर ती माझी ऱ्हाईल का? आता कुठं ती माझी एकट्याची झालीय."

ऐका पोरांनो. भाऊ मातीत गेला तरी ह्याचा हेवा जिताच. मला शिसारी आली. पण मी तरी कुठं गेलो शिरूरला? मी बी न्हाई गेलो.

तेरा. चवदा. पंधरा. दावीद खायना. रोज मोजायचा. सतरा. अठरा. मुकादमाला सांगू म्हणलं तर हात धरायचा. एकोणीस.

सहा फेब्रुवारी. गुरुवार.

त्या राती दावीद झोपला न्हाई. खिळ्यावरचा दोर काढला. एक टोक मनगटाला गुंडाळलं, कामावर गुंडाळायचा तसं. बाकीचं वेटोळं मांडीवर. म्हणला, "आज मी प्रार्थना म्हणतो. राहिलेल्या बारा. पुऱ्या करतो."

मी घोंगडी डोक्यावर घेतली. एक डोळा उघडा.

मालगाडी गेली.

दावीद म्हणायला लागला. सावकाश. दम खात. एक झाली. दोन झाल्या. कंदील फडफडत व्हता. वारं न्हवतं. पाच. सहा. बाहेर नदीचा आवाज थांबल्यासारखा वाटला. धा. अकरा. दावीदचा आवाज बसत चाललेला. बारावी.

टक.

विसावा खडा...

मग काय न्हाई. बराच वेळ काय न्हाई. मी म्हणलो, सुटला.

तवा दोर हलला.

मी बघितलं. मांडीवर वेटोळं न्हवतं. दोर दारातनं बाहेर गेलेला. अंधारात. विहिरीच्या बाजूला. ताठ.

एक झटका.

दावीदचा हात वढला गेला.

दोन.

तीन.

...

चार.

वर घ्या.

दावीद उठला. दोर वढायला लागला. हातावर हात, हातावर हात. दोर वला. पाणी खोपीत गळायला लागलं. वढता वढता त्यो दाराबाहेर गेला. मला हाक मारावी वाटली. मारली न्हाई. मला त्याचं बोलणं ऐकू आलं. "ये... ये रे... आलास..." मग गप. मग दावीद एकदाच वरडला. लहान पोर वरडतं तसं.

मी गेलो न्हाई बाहेर. मला भित्रा म्हणा, काय बी म्हणा. उजाडेपतुर हललो न्हाई.

सकाळी त्यो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. दुमडलेला. कोपरं आत, गुडघं आत, पाठीची कमान. अंग खाजवून खाजवून रगत काढलेलं. पाय गेलेलं. जालिंदर मुकादमानं त्याला बघितलं आन् तोंड पांढरं पडलं त्याचं. म्हणला, "हे थांबा चुकल्याचं दुखणं हाय. ह्यो पाण्यात कवा गेलता?"

पाण्यात गेलाच न्हवता. त्याची विजार कोरडी. निळा स्वेटर कोरडा. केस कोरडं. मनगटाला दोर, त्यो बी कोरडाच. पाण्यात पाऊल न घालता त्याला पाणबुड्याचं दुखणं लागलं, आन् ते का, ते मला आजपतुर कुणी सांगितलेलं न्हाई.

जिता हाय अजून. शिरूरलाच. खाटंवर. कृपाबाई त्याला अंघोळ घालत्यात, घास भरवत्यात. सगळी आई त्याची एकट्याची झाली. ह्येच पाहिजे व्हतं ना त्याला? बोलतो त्यो, पण त्या गोष्टीचं कधी काय बोलला न्हाई. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही टायमाला कृपाबाई दारात बसून तांबडी लोकर विणत व्हत्या. तीच लोकर. एलियाचा स्वेटर उसवायचा आन् परत विणायचा. दर थंडीला. पहिल्यापरीस दाट. म्हणत्यात, "बबनराव, ह्या खेपेला जमंल बघा. ह्यातनं वारं जाणार न्हाई." बोटं वाकडी झाली बाईची. नऊ वर्सं ती समजतीय की तिच्या हातच्या विणीनं तिचं पोर मारलं.

आन् मी तिच्या हातचा च्या पिऊन उठून आलो. दोन्ही टायमाला.

म्हणून सांगतो, संपत. दोर धरायचा तर मोजायचं. चुकलं तर वरडायचं, मी चुकलो म्हणून. आन् दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं तर त्याच्या दुप्पट वरडायचं. हेवा सगळ्यांच्या पोटात असतो. पण दोर हातात असताना त्यो गिळायचा. माझं ध्यान न्हवतं, असं कधी म्हणायचं न्हाई. ध्यान व्हतं रं माझं. आठच झालं व्हतं. मी मोजलं व्हतं. आज तुमच्यापुढं पहिल्यांदा तोंडानं म्हणतोय.

काय म्हणतोस, ज्ञानू? त्यो डबा? त्यो माझ्यापाशीच हाय. काम उठलं तवा मी आणला. टाकवंना. त्या फळीवर हाय बघ, देवाच्या तसबिरीखाली. आठ खडं झाकणात, बारा डब्यात, त्या दिवशी मी बघितलं तसंच ठिवलंय. वर्सातनं एकदा पुसतो, बाकी हात लावत न्हाई. का ठिवलंय ते इचारू नगा.

संपत, कशाला उठलास? र्‍हाऊ दे... बरं, बघायचं तर बघ. कंदील घेऊन जा. हात लावू नगंस.

...

बोल की.

...

"मामा... झाकणात नऊ हायत."

नीट मोज.

"मोजलं. नऊच हायत. आन् मामा, ह्यो एक वला हाय. फळीवर पाणी आलंय."

...

कंदील ठेव खाली, संपत. दार लावून घे, ज्ञानू.

सकाळची शिरूरला जाणारी पहिली यष्टी कितीला सुटती रं?